दिशा बरोबर, वेळ चुकली: ऑप्शनमधून हरित कंपन्यांत पैसे घालता येतात का?

(एपिसोडचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत इअरफोन अडकतो म्हणून वाचणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे झाला. शीळफाट्याजवळ राहणारा आणि महापे एमआयडीसीत नोकरीला जाणारा आपला एक श्रोता आहे, वय चोवीस. मागे ट्रकचे हॉर्न वाजतायत आणि तो सांगतोय, “ताई, रोज या धुरात दीड तास उभा असतो. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी चाळीस हजार साठवलेत. म्हटलं, स्कूटर नंतर, आधी सोलर आणि पवनचक्कीवाल्या कंपन्यांत पैसे घालतो. शेअर घेतले तर मूठभर येतात. मित्र म्हणाला, कॉल ऑप्शन घे, कमी पैशात जास्त माल. घेऊ का?”

घे किंवा नको, हे मी सांगणार नाही. मी सेबीकडे नोंदणी केलेली सल्लागार नाही. पण तो जे करायला निघालाय ते नक्की काय आहे, हे सांगू शकते. कारण त्याच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक, हरित कंपनीला आपले पैसे मिळावेत. दोन, कंपनी वाढली की आपलेही वाढावेत. ऑप्शनने पहिली गोष्ट होत नाही. दुसरी कधीकधी होते, पण तिला एक तारीख लागलेली असते.

आधी ऑप्शन म्हणजे काय ते आपल्याच भागातल्या व्यवहारावरून बघू. कल्याण-शीळ रस्त्यावर बिल्डरच्या सेल्स ऑफिसात गेलात की तो म्हणतो, फ्लॅट चाळीस लाखांचा, आज पन्नास हजार टोकन द्या, महिनाअखेरपर्यंत हाच भाव तुमच्यासाठी धरून ठेवतो. महिन्याभरात भाव पंचेचाळीसवर गेला तरी तुम्हाला चाळीसलाच मिळणार. घेतला नाहीत तर टोकन गेलं. जुन्या लोकांचा इसार हाच. कॉल ऑप्शन साधारण असाच असतो. ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क, ठरलेल्या तारखेपर्यंत. त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम, ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक आणि तारीख म्हणजे एक्स्पायरी. पुट ऑप्शन याच्या उलट, ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क.

इसारात आणि यात एक मोठा फरक आहे. टोकनची रक्कम पुढे फ्लॅटच्या किमतीतून वजा होते, प्रीमियम होत नाही. तो गेला तो गेला. आणि कोणाकडे गेला? कंपनीकडे नाही. ज्याने तो ऑप्शन विकला, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘राइट’ केला, त्याच्याकडे. कंपनीला या व्यवहाराचा पत्ताही नसतो. तुमच्या अठरा हजारांतून सौरपॅनेलचा एक तुकडाही बनत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर बाजारातून शेअर घेतला तरी पैसे आधीच्या शेअरधारकालाच जातात. कंपनीच्या हातात थेट पैसा पडतो तो आयपीओत नवे शेअर विकले जातात तेव्हा, राइट्समध्ये किंवा रोख्यांमधून. एनटीपीसी ग्रीन एनर्जीने नोव्हेंबर २०२४ मध्ये १०८ रुपये भावाने १० हजार कोटींचा आयपीओ आणला, तेव्हा अर्ज करणाऱ्यांचे पैसे कंपनीकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून आपण एकमेकांशी व्यवहार करतोय. तरी शेअर घेतलात तर तुम्ही निदान मालक होता. मत देता येतं, लाभांश आला तर मिळतो, आणि मुख्य म्हणजे मुदत नसते. ऑप्शनवाल्याला यातलं काहीच नाही.

आता आकडे. खऱ्या कंपनीचा आजचा भाव मी घेत नाहीये, कारण शिकवण्याच्या नावाखाली टिप देणं बंद व्हावं म्हणून सेबीने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय की शिकवणाऱ्यांनी निदान तीन महिने जुने भाव वापरावेत. म्हणून कंपनी काल्पनिक. समजा एका पवनऊर्जा कंपनीचा शेअर ३५० रुपये आहे. ऑप्शन सुटा मिळत नाही, लॉटमध्ये मिळतो. समजा लॉट १५०० शेअरचा. ३६० स्ट्राइकचा कॉल १२ रुपयांना आहे. म्हणजे १२ गुणिले १५००, अठरा हजार रुपये. मुदत महिन्याची. आपल्याकडे एकेका कंपनीचे ऑप्शन महिन्याचेच असतात. एनएसईवर सप्टेंबर २०२५ पासून ते महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतात.

शेअर ४०० वर गेला तर कॉलची किंमत ४०, त्यातून १२ वजा, २८ गुणिले १५००, म्हणजे ४२ हजार नफा. तेवढ्याच अठरा हजारांत ५१ शेअर आले असते आणि त्यांवर अडीच हजारांच्या आसपास मिळाले असते. मित्र दाखवतो तो स्क्रीनशॉट याच गणिताचा असतो, आणि गणित खोटं नाहीये.

पण महिन्यात १४ टक्के वाढणं रोजचं नाही. समजा शेअर ३६६ वर बंद झाला. साडेचार टक्के वाढ, एका महिन्यात उत्तमच म्हणायची. कॉलची किंमत उरली ६ रुपये. अठरा हजारांचे नऊ हजार झाले. कंपनी वाढली, अंदाज खरा ठरला आणि तरी निम्मे पैसे गेले! ५१ शेअरवाल्याला इथे आठशे सोळा रुपये सुटले. शेअर ३४० वर आला, तर कॉल शून्य, सगळे अठरा हजार गेले. शेअरवाल्याचे कागदावर पाचशे दहा कमी झाले आणि पुढच्या महिन्यात शेअर अजून त्याच्याकडेच आहेत.

हे पहिल्यांदा ऐकून लोक म्हणतात, मग लांबची बस पकडल्यासारखं एकदा बसून राहायचं ना. तेच तर जमत नाही. रोज सकाळी तुम्ही शीळफाट्यावर बघताच की. मुंब्र्याकडून, कल्याणकडून, पनवेलकडून, महापेकडून गाड्या एकाच ठिकाणी येऊन अडकतात. तुम्ही बरोबर दिशेला तोंड करून उभे असता, महापे समोरच आहे, पोचणारही नक्की. पण साडेनऊचं पंचिंग गेलं की अर्धा दिवस कापला. ऑप्शनमध्ये तेच होतं. शेअर जागचा हलला नाही तरी रोज थोडा प्रीमियम झिजतो आणि शेवटच्या आठवड्यात जास्त वेगाने झिजतो. बाजारात याला थीटा म्हणतात. विकणारा त्या झिजेवरच बसलेला असतो.

आणि हरित ऊर्जेइतका संथ धंदा शोधून सापडायचा नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या, सुझलॉन. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी सुरू केलेली, पुण्यात मुख्यालय असलेली पवनचक्क्यांची कंपनी. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर ढगांत फिरणारी पाती सहलीला गेलेल्या अनेकांनी पाहिली असतील, तो सगळा काळ या धंद्याच्या पहिल्या भराचा. २००५ मध्ये आयपीओ आला. २००८ च्या सुरुवातीला शेअर शिखरावर होता. मग परदेशातल्या मोठ्या खरेद्या, कर्ज, जागतिक मंदी. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे वेळेवर देता आले नाहीत. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास घुटमळत होता, शिखरापासून ९९ टक्क्यांहून जास्त खाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तांती गेले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तोच शेअर ऐंशीच्या वर होता.

भारतात पवनऊर्जा वाढणार, हे २००८ मध्ये ज्याने म्हटलं तो चुकला नव्हता. पण त्या शिखरावर शेअर घेतलेल्याला सोळा वर्षांनंतरही मूळ भाव परत दिसला नव्हता. आणि एखाद्याचं महिन्याच्या मुदतीचं मत असतं तर? या प्रवासात दोनशेच्या आसपास एक्स्पायऱ्या येऊन गेल्या असत्या. (यावरून कोणी ‘सुझलॉन घ्या’ किंवा ‘विका’ असं ऐकू नका. मला उदाहरण हवं होतं, इतकंच.)

या धंद्याला आणखी एक झटका बसतो तो सरकारी धोरणाचा. १ एप्रिल २०२२ ला आयात सौरपॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लागलं. जून २०२५ नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांसाठी राज्याबाहेर वीज नेण्याच्या शुल्कातली पूर्ण सवलत संपली. असे निर्णय एका अधिसूचनेने येतात आणि शेअर एका सकाळीत हलवतात. तारीख आधी माहीत असेल तर प्रीमियम आधीच फुगलेला असतो. मग निर्णय तुमच्या बाजूने लागतो, शेअरही वर जातो, आणि फुगा फुटून तुमचा कॉल स्वस्त होतो. नव्या माणसाला हे कळतच नाही. तो ॲपला शिव्या देतो.

एक धोका मात्र मी मुद्दाम हळू बोलून सांगते. शेअरचे ऑप्शन २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊनच मिटतात. आपल्या उदाहरणात ३६६ ला कॉल ‘इन द मनी’ आहे. तो एक्स्पायरीपर्यंत तसाच धरून ठेवलात, तर ३६० ने १५०० शेअर घ्यावे लागतात. पाच लाख चाळीस हजार रुपये. खात्यात स्कूटरचे उरलेले बावीस हजार. शेवटच्या चार दिवसांपासून ब्रोकर वाढीव मार्जिन मागायला लागतो, नाहीतर स्वतःच सौदा कापून टाकतो, आणि तो कोणत्या भावाला कापेल ते तुमच्या हातात नसतं. ‘जास्तीत जास्त प्रीमियम जाईल’ हे वाक्य सगळे पाठ करतात. एक्स्पायरीच्या आधी बाहेर पडलात तरच ते खरं आहे.

मग ऑप्शनचा काहीच सरळ उपयोग नाही? आहे. ज्याच्याकडे शेअर आधीपासून आहेत त्याला विमा म्हणून. समजा कुणाकडे त्या कंपनीचे १५०० शेअर आहेत, सव्वापाच लाखांचे. पुढच्या महिन्यात मोठा निर्णय आहे, पण शेअर विकायचे नाहीत. तो ३३० चा पुट ७ रुपयांना घेतो, साडेदहा हजार भरतो. शेअर २८० वर आपटला तरी त्याला ३३० मिळणार. हा गाडीच्या विम्यासारखा वापर. पण दर महिन्याला घेत बसलात तर वर्षाचे सव्वा लाख होतात, म्हणजे शेअरच्या किमतीच्या २४ टक्के. एवढा परतावा देणारी कंपनी दरवर्षी कुठून आणणार? म्हणून विमा वादळाआधी घ्यायचा, बारमाही नाही.

दुसरा वापर यूट्यूबवर फार गाजतो. पुट विकायचा. ‘मला हा शेअर ३३० ला घ्यायचाच आहे, तोवर ७ रुपये खिशात.’ बोलायला गोड. पण घ्यायची वेळ आली तर चार लाख पंच्याण्णव हजार तयार लागतात. मार्जिनवर, म्हणजे त्याच्या एका तुकड्यावर, विकणारे बरेच असतात. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के घसरला आणि सरकारी वीज कंपन्यांचे शेअर त्याहून जास्त. त्या दिवशी सात रुपयांसाठी पुट विकून बसलेल्यांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात आपण कुठे बसतो, ते सेबीनेच मोजून ठेवलंय. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी दोन लाखांच्या आसपास. एकूण १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये तिशीच्या आतले किती होते? ४३ टक्के. त्याआधीच्या वर्षी ३१ होते. पाऊण हिश्शाहून जास्त लोकांनी आपलं उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलेलं. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे २०२४-२५ च्या पाहणीतही ९१ टक्के तोट्यात आणि रक्कम एक लाख पाच हजार कोटी. समोरच्या बाजूला मोठ्या संस्था आणि परदेशी फंड, त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकी अल्गोरिदममधून. आपण मात्र ट्रॅफिकमध्ये एका हाताने ॲप उघडतोय.

बरं, हे सगळं करून शेवटी ‘हरित’ म्हणजे कोण? ग्रीनेक्स नावाचा निर्देशांक बीएसईने २०१२ मध्येच काढलाय, एनएसईचा निफ्टी १०० ईएसजी आहे. पण यांच्यावर ऑप्शन नाहीत. ऑप्शन आहेत ते निफ्टी, बँक निफ्टी, सेन्सेक्स अशांवर. ईएसजी फंड उघडून बघितलात तर वरच्या नावांत पवनचक्क्या कमी आणि आयटी कंपन्या, बँका जास्त. त्यांना धूर कमी, म्हणून गुण जास्त. चूक नाही, पण तुम्हाला वाटतं ते हे नाही.

उलट टाटा पॉवरचं बघा. १९१५ मध्ये खोपोलीला पाण्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना पुरवणारी ही कंपनी. आज सौरऊर्जेत मोठं नाव. तिच्याच कोळशाच्या चिमण्या ट्रॉम्बेला आणि मुंद्र्याला आहेत. आणि ज्याला आपण स्वच्छ वीज म्हणतो त्या जलविद्युतीसाठी मुळशीचं धरण बांधायला निघाले, तेव्हा १९२१ मध्ये शेतकरी जमिनीसाठी सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती झालेले बापट त्यात होते. शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडे हा प्रश्न येऊन गेलाय, की वीज स्वच्छ कुणासाठी. ऑप्शन चेनच्या हिरव्या-लाल रकान्यांत यातलं काही दिसत नाही.

दिसेल कुठे? मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा आहे, एक्स्चेंजच्या साइटवर फुकट मिळतो. त्यात कंपनीने किती धूर सोडला, किती पाणी वापरलं, किती कचरा केला, कुणी तक्रारी केल्या ते असतं. पन्नास पानं कंटाळवाणी आहेत, कबूल. धुराचे आकडे लागोपाठ दोन वर्षांचे शेजारी ठेवून बघा, दहा मिनिटांत काम होतं.

आणि खरोखर पैसा कामाला लागावा असं वाटत असेल तर रोख्यांकडे बघा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ पासून हरित रोखे काढलेत, रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर सरकारी रोख्यांत दहा हजारांपासून भाग घेता येतो. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये नर्मदेचं पाणी उपसायला सौरप्रकल्प हवा म्हणून २४४ कोटी उभे केले, त्यात सामान्य लोकही होते. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे आणले. व्याज बेताचं. स्क्रीनशॉट काढण्यासारखं काही नाही त्यात.

हे सगळं मी आपल्या श्रोत्याला फोनवर सांगितलं. थोडा वेळ शांत. मग म्हणाला, “म्हणजे अठरा हजारांत मी काही बदलू शकत नाही.” मला ते लागलं, खरं सांगते. म्हणून त्याला विचारलं, तुझ्या सोसायटीची गच्ची किती मोठी आहे?

पीएम सूर्यघर योजनेत एकट्या घराला तीन किलोवॅटसाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण हाउसिंग सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठीही अनुदान आहे. आणि ते किलोवॅटमागे नेमकं अठरा हजार! अर्ज पोर्टलवर करायचा, वीज कंपनी मात्र नीट निवडायची. शीळ-मुंब्रा-कळवा पट्ट्यात २०२० पासून बिल टोरेंट पाठवते आणि डोंबिवलीकडे महावितरण, त्यामुळे गोंधळ होतो.

पुढच्या रविवारी त्याच्या सोसायटीची सभा आहे. सेक्रेटरी काका म्हणे ऐकून न घेणाऱ्यांतले आहेत. स्कूटरचे चाळीस हजार अजून खात्यात आहेत आणि ॲपमधला एफ अँड ओ विभाग त्याने तूर्तास बंद करून ठेवलाय, सेटिंगमधून होतं ते. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत पॅनेल बसली असतील तर सभेत विरोध करणाऱ्यांना काय उत्तर दिलंत, त्याची व्हॉइस नोट पाठवा. रविवारच्या आधी पाठवलीत तर त्याच्या उपयोगी पडेल.